मावळच्या वसाहती आणि आमचं खाचर

२१ जून.
'मावळ महासत्ता' ही कादंबरी लिहायला घेतली. कल्पना जबरदस्त आहे. मावळ हा चिमुकला स्वतंत्र देश, राजधानी आमचं टाकवे बुद्रुक, आणि पोर्तुगाल, मादागास्कर आमच्या वसाहती. मळवलीचा हा बंगला लिहायला झकास. प्रज्ञेशशेठनी मागची खोली फुकट दिलीय, फक्त गेट आणि पंप बघायचा. लोक मला वॉचमन समजतात. समजू देत.

२४ जून.
टाकव्याहून बायकोचा फोन. सावड सुरू झाली. म्हणजे आपण दुसऱ्यांच्या खाचरात भात लावायला जायचं, मग ते आपल्यात येतात. अनिता म्हणाली, घरटी दोन माणसं लागतात, तुमी न्हाई आलात तर आपल्यात कोण येणार, रोपं जागीच पिवळी पडतील. येतो म्हणालो. कामशेतवरून अर्ध्या तासाचा तर रस्ता. आधी लिस्बन घेतो.

२५ जून.
लिस्बन पडलं! अनिताला कळवलं. तिने विचारलं, मावळात समुद्र कुटंय, आरमार काय पवना धरणातनं सोडलं? बायकोला व्हिजन नाही.
(दुपारी कोकण जोडून घेतलं.)

२८ जून, शनिवार.
निघणारच होतो. बंगला भाड्याने घेतलेला मुंबईचा ग्रुप आला. कोंबडी, कोळसा, बर्फ, परत बर्फ. एक पोरगा म्हणाला, ए भाऊ, स्पीकर उचल. उचलला.
पोर्तुगालचा कर दुप्पट केला.

३ जुलै.
शेठकडे सुट्टी मागितली. ते म्हणाले, तू तर घरचाच माणूस, घरच्याला कसली सुट्टी? ऐकताना भारी वाटलं. खोलीत आल्यावर संताप आला. गेटाची किल्ली माझ्याच खिशात, आणि बाहेर पडायची चोरी! जीव नुसता घुसमटतो.
तोडगा काढला. मेहुण्याला, अतुलला, मादागास्करचा गव्हर्नर नेमलं, म्हणजे माझ्या वाटची सावड तो भरेल. फोनवर म्हणाला, दाजी, गव्हर्नर ऱ्हाऊ द्या, चिखलात या.

९ जुलै.
मादागास्करचं प्रकरण संपलं. तिथली प्रजा सावडीने भात लावते, न येणाऱ्याला हद्दपार करतात. अंगावर काटा आला लिहिताना. अनिता फोन उचलत नाही. कामात असेल.

१३ जुलै.
उद्या आमच्या खाचराची पाळी. शेठ गेले खड्ड्यात. सम्राट जातीने उतरणार.

१४ जुलै.
सकाळी शेठचे तीन फोन. पंप, स्विमिंग पूल, माळी. ते उरकून टाकव्याला पोचलो तेव्हा खाचर लावून झालं होतं. अनिताने तीन आठवडे दोघांची सावड एकटीने भरली होती, म्हणून अख्खी आळी आली होती. एक मूठ तरी लावतो म्हटलं. आळीतले धोंडिबा आबा म्हणाले, पाव्हणं, कशाला पाय भरवताय, च्या घ्या. सगळे हसले. मीही हसलो. लय लागलं मनाला.
पंगत बसली जमिनीवर. मला खुर्ची दिली.
अनिताला म्हटलं, नोकरी सोडतो, आता हितंच राहतो. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने डबा बांधून दिला आणि म्हणाली, निघा, अंधार व्हायच्या आत पोचाल.

१५ जुलै.
पोर्तुगाल, मादागास्कर, सगळ्यांना सकाळीच स्वातंत्र्य देऊन टाकलं. मग शेठचा फोन आला, पाहुणे निघालेत म्हणाले. पंप चालू केला.