दहा कोटी एक लाख साठ हजार त्रेसष्ट

४ एप्रिल
पेपर तपासणी सुरू. माझ्याकडे परक्या केंद्राचा गठ्ठा. ठकीचा पेपर दुसऱ्याच कुणाकडे. बरंच झालं! वसतिशाळेच्या जागा दहाच, आणि माझी लेक अगदी काठावर. प्रश्न अठरा – चारांपैकी मूळ संख्या कोणती? ठकीने 'ड' लिहिलंय, घरी आल्या आल्या सांगितलं होतं. उत्तरसूचीतही 'ड'. जीव भांड्यात पडला.

५ एप्रिल
एका मुलीने चारही पर्याय खोडून लिहिलंय – 'एकही नाही'. सूचीप्रमाणे शून्य. दिलं. मग समासातलं वाचलं. "ड म्हणजे १०,०१,६०,०६३. त्यात एक मिळवला की १०,००८ चा वर्ग होतो. म्हणून ड = १०,००७ × १०,००९."

गुणाकार केला. तीनदा केला. तंतोतंत! कार्टीने दोन ओळींत निकाल लावलाय, आणि त्यावर माझं लाल शून्य.

६ एप्रिल
मुख्य परीक्षक – सूची करणारे आमचे काटेकोर सर – कुठे चुकले ते कळलं. पुस्तकाच्या शेवटी दहा हजारांपर्यंतच्या मूळ संख्यांचा तक्ता आहे. एकूण बाराशे एकोणतीस. सरांनी एकेकीने भागून पाहिलं असणार, कंटाळा त्यांना ठाऊक नाही. एकीनेही भाग जात नाही. तक्ता संपला, सर थांबले. आणि तक्त्यानंतरची पहिलीच मूळ संख्या – १०,००७!

बोलले तर ठकीचे दोन गुण जातात. नाही बोलले तर त्या मुलीचे. हे म्हणाले, "तू सूचीप्रमाणे तपासलंस. तुझं काय चुकलं?" खरंच की! तरी ताट अर्ध्यावर सारलं.

७ एप्रिल
गप्प बसले. दिवसभर.

८ एप्रिल
सांगितलं! गठ्ठा परत करायच्या तासभर आधी. सरांनी गुणाकार केला, चष्मा पुसला, पुन्हा केला.

"बाई, यंदा तुमची मुलगीही बसली आहे ना?"

"हो."

"तिने काय लिहिलंय?"

"ड."

सरांनी लाल पेन उघडलं. मग सूची दुरुस्त केली. 'ड' लिहिलेल्या सगळ्यांना शून्य, 'एकही नाही'ला दोन. स्वतःची चूकही खाली सहीनिशी लिहिली. मला त्यांची लाज वाटली नाही, माझ्या कालच्या दिवसाची वाटली.

१९ एप्रिल
यादी लागली. दहावी तीच – बैठक क्रमांक माझ्या गठ्ठ्यातला. ठकी अकरावी. एका गुणाने! रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. मी सगळं सांगून टाकलं. ती नुसतं "हं" म्हणाली.

२० एप्रिल
ठकीने परीक्षेतला कच्चा कागद माझ्यापुढे ठेवला. १०,००८ चा वर्ग, वजा एक. सगळं बरोबर. आणि त्यावर आडवी काट.

"मग 'ड' का लिहिलंस गं?"

"तूच शिकवलंस ना आई – उत्तर चारांतच असतं, जास्त डोकं चालवायचं नाही."