अंकिताचा रजेचा अर्ज

२ फेब्रुवारी, सोमवार
साताऱ्याहून परवा आले, आज माधवनगरच्या कॉलेजात रुजूही झाले. ऑफिस, लायब्ररी आणि परीक्षा विभाग मिळून एकच नवा प्रिंटर. तो नेटवर्कवर घेतला, कोपऱ्यातला कॉम्प्युटर प्रिंट सर्व्हर केला. आता कुणीही प्रिंट द्यावी. ती रांगेत लागते, पाळी आली की छापून येते. कोंडीबा शिपाई चहा घेऊन आले, लय ब्येस झालं म्हणाले. मला माझी खुर्ची आवडली, खिडकीजवळची.

४ फेब्रुवारी
रांगेत 'अंकिता' नावानं एक प्रिंट आली. या नावाचं इथं कुणी नाही. छापून आला रजेचा अर्ज : ताप आहे, आईकडे जायचंय, एक दिवस रजा मिळावी. कोंडीबांना दाखवला, त्यांच्याकडून कळलं. माझ्या आधी या खुर्चीवर अंकिता होती. परीक्षेचं काम पडलंय म्हणून हेडक्लार्क लालासाहेबांनी तिचा अर्ज तीनदा परत केला. चौथ्या दिवशी तापातच तिनं याच टेबलावर जीव सोडला.

६ फेब्रुवारी
तिचं नाव सर्व्हरवरून काढलं. तिच्या जुन्या कॉम्प्युटरची वायरही उपटली. तरी अर्ज आलाच. कागद नुसता गरम नव्हता. तापलेल्या कपाळासारखा होता.

८ फेब्रुवारी, रविवार
कवठे महांकाळला तिच्या आईकडे गेले. बनाबाईंना वाचता येत नाही, मी अर्ज वाचून दाखवला. त्यांनी कागद गालाला लावला. "अंग लय तापलंय गं पोरीचं. तेवढी सुट्टी दे म्हणावं सायबाला."
येताना बसमध्ये रडू आवरेना.

९ फेब्रुवारी
अर्ज लालासाहेबांपुढे ठेवला. त्यांनी 'मंजूर' लिहून सही केली आणि तोंड फिरवलं. दिवसभर रांग रिकामी.

१० फेब्रुवारी
सकाळी बनाबाईंचा फोन. अंकिता घरी आलीय, भाकरी खातीय. त्यांच्या मागं कुणीतरी खोकलं — मी ऐकलं. मग त्या हळूच म्हणाल्या, "एकाच दिसाची सुट्टी हाय म्हणती. उद्या माघारी निघती. आता न्हाई मी तिला एकटी सोडायची."

११ फेब्रुवारी
निरोप आला. बनाबाई पहाटे गेल्या. ताप —
माझी खुर्ची गरम आहे. मी उभीच —
रांगेत दोन नावं. अंकिता. खाली बनाबाई.
दुसरा कागद येतोय. आधी अंगठ्याचा ठसा. काळा, ओला. त्याखाली एक ओळ — सायब, पोरीला आजून एक दिस —