आठ नंबरची केबल

१८ ऑगस्ट १९५८, सोमवार

पुन्हा चौकी गप्प! सकाळपासून इथं वर्ध्याच्या वायरलेस केंद्रात माईकवर घसा फाडून हाका मारल्या, उत्तर म्हणून नुसती खरखर. वणा नदीकाठच्या त्या पोलिस चौकीवर माधव ऑपरेटर आहे. सेट ठीक, बॅटरी ठीक, एरियलही उभा. सेटपासून एरियलपर्यंतची केबल तेवढी उंदरांनी कुरतडून ठेवली. काय गोड लागतं त्यांना त्यात कोण जाणे!

आणि सुधा नदीच्या पलीकडे, माहेरी. नववा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरीच, अशी रीत! पण त्या गावात डॉक्टर नाही. पूर आला आणि काही अडलं, तर पलीकडून कंदील दाखवायचा, या तीरावरच्या चौकीने वायरलेस करायचा, मग हिंगणघाटहून डॉक्टर आणि नाव. चौकी गप्प म्हणजे सगळंच गप्प. सासरे नत्थूजी हसले होते मला. "जवाईबापू, तुमी काऊन घाबरून राह्यले? आमच्या गावात लेकरं झालीच नाईत काय?"

झाली असतील. माझं झालं नाही अजून.

१९ ऑगस्ट

नागपूरहून केबलची दोन वेटोळी आली. लष्कराच्या मोडीतला माल. दोन्ही काळी, दोन्ही सारखी जाड, आणि वरचे पांढरे आकडे साफ पुसलेले! एक आठ नंबरची, बावन्न ओहमची. आपल्या सेटला तीच लागते. दुसरी अकरा नंबरची, पंच्याहत्तरची. कुठली कुठली, देव जाणे.

ओमप्रकाश, आमचा स्टोअरकीपर, माझ्याआधीच मीटर घेऊन बसलेला. आतल्या तारेच्या दोन टोकांना लावला, तर शून्य. तार आणि जाळीमध्ये लावला, तर काटा जागचा हलेना. "बावन कहाँ है भैया? दोनों खराब!" आणि निघाला रद्दीत टाकायला! मी अक्षरशः वेटोळ्यावर बसलो. अरे बाबा, तो आकडा धावत्या रेडिओ-लहरीचा. तुझ्या मीटरला तो जन्मात दिसायचा नाही!

"तो फिर लिखते क्यूँ हैं?"



२० ऑगस्ट

सोललं दोन्हींना. वर काळं साल, खाली तांब्याची विणलेली जाळी, मग मेणासारखं दुधी प्लास्टिक, मधोमध सात तारांचा पीळ. इथवर दोघी सारख्या. पण एकीच्या तारा जाड, लालबुंद तांब्याच्या. दुसरीच्या बारीक, कल्हई केल्यासारख्या पांढऱ्या. आपल्या इथल्या सेटच्या केबलचं टोक उघडून शेजारी धरलं – जाड, लाल! सापडली आठ नंबरची!! एकटाच टाळ्या पिटत होतो. ओमप्रकाशनं दारातून डोकावून पाहिलं आणि निघून गेला.

पुन्हा घोळ नको म्हणून तिच्यावर चांगला रुंद लाल पट्टा मारला. उद्या ट्रक जाईल. इन्स्पेक्टर वासुदेवरावांना म्हटलं, साहेब, मीही जातो, जोडून देतो. "मेकॅनिक इथं लागतो. माधव जोडेल." बरं, सुधाची विचारपूस तरी वायरलेसवर? "खाजगी निरोप? नाव काढू नका. मंत्र्याचा असला तरी नाही."

दगड आहे हा माणूस.

२१ ऑगस्ट

ट्रक गेला. नालवाडीतल्या माझ्या खोलीत नुसत्या येरझारा. भात केला तो करपला, तसाच टाकला.

२२ ऑगस्ट

सकाळी माधवचा आवाज आला, आणि दोन वाक्यांत तुटला. पुन्हा आला, पुन्हा गेला. जीव नुसता टांगणीला! दुपारी त्याने सायकल हाणत हिंगणघाटचं ठाणं गाठलं आणि फोन केला.

"भाऊ, तुमची तार प्लगमध्ये सैल बसून राह्यली. डाग देतो, वारा आला का सुटते. मले तं कटाळा आला!"

"सैल? तार कशी आहे आत? रंग सांग!"

"पांढरी. चांदीवानी."

अकरा नंबरची गेली! तसाच स्टोअरमध्ये घुसलो. माझं लाल पट्ट्याचं वेटोळं कोपऱ्यात, फुटक्या बॅटऱ्यांवर फेकलेलं. ओमप्रकाशला गदागदा हलवलं. तो बापडा शांत. "लाल तो रद्दी का निशान है. आपने ही तो लगाया."

खरंच की! आमच्या स्टोअरमध्ये बाद मालालाच लाल पट्टा मारतात. रोज बघतो मी. हिरवा काय मिळत नव्हता मला? इतकी विद्या पाजळली आणि शेवटी माती खाल्ली. तिकडे नदी चढतेय.

साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो. "सकाळी निघा. पण केबलसाठी जाताय, एवढं ध्यानात ठेवा." हो म्हणालो. साफ खोटं बोललो.

२३ ऑगस्ट, चौकीवर

जोडली! जाड तार प्लगमध्ये गच्च बसली. वर्धा असं ऐकू येतंय, जणू साहेब शेजारीच चहा पीत बसलेत. माधव तर नाचलाच.

पण नाव बंद. नदी गढूळ, फुगलेली, झाडंच्या झाडं वाहताहेत. पलीकडे सुधाच्या गावचं देऊळ दिसतं. "आवाज द्या ना वहिनीले," माधव म्हणतो, "वायरलेस कायले पायजे?" फाजील लेकाचा! तरी त्याची पाठ फिरल्यावर काठावर जाऊन हाक मारलीच. कोण ऐकतं.

ट्रक परत निघाला तेव्हा ड्रायव्हर चंद्रभान दोनदा म्हणाला, "चाला जी, मागचा नाला भरून येऊन राह्यला." मी नाही गेलो. उद्या नाव सुटेल. केबलचं काम झालं, आता मी माझा. इतक्या जवळ येऊन तिला न बघता जायचं? छट!

२४ ऑगस्ट

सकाळी सेटवर खुद्द वासुदेवराव. "खाजगी निरोप आहे," म्हणाले. "लिहून घ्या. तुम्ही निघालात त्याच दुपारी नत्थूजी मुलीला घेऊन वर्ध्याला आले. पुराला भ्याले म्हणून बैलांच्या दमणीनं त्यांच्याच तीरावरच्या स्टेशनावर आणि तिथून रेल्वेनं. तुमच्या खोलीला कुलूप. मग मीच सरकारी दवाखान्यात पोचवलं. पहाटे मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. बाई सारखं विचारतात, हे कुठं आहेत. काय सांगू? ओव्हर."

नाल्याचं पाणी रस्त्यावर छातीएवढं आहे. केबल उत्तम चालते. शब्द न् शब्द ऐकू आला.