झटके : शून्य

३ ऑक्टोबर १९८३, सोमवार
दवाखान्यात गेले. जयराम नावाचा पोरगेला डॉक्टर फिट येणाऱ्यांवर रिसर्च करतो आहे. कशामुळे येते ते शोधतो. कुणाला टीव्हीच्या लुकलुकण्याने, कुणाला पत्ते खेळताना. आणि मला म्हणे वाचल्याने! सदतीस वर्षं कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी शिकवलेल्या बाईला! मार्चमध्ये मी पडले, कारण फरशी ओली होती. मोठ्याने वाचताना जबडा किंचित उडतो, तो सतराव्या वर्षापासून. त्याला एम्फसिस म्हणतात.
त्याच्या छापील फॉर्ममध्ये स्पेलिंगच्या चार चुका. लाल शाईने दुरुस्त करून परत दिला. हसला. मग रात्री घ्यायची एक गोळी आणि एक वही दिली. रोज लिहायचं: किती मिनिटं वाचलं, किती झटके.

५ ऑक्टोबर
मोठ्याने वाचन, दहा मिनिटं. झटके सात. वहीत शून्य लिहिलं. असलं बारीकसारीक मोजत बसलं तर कुणीही आजारीच ठरेल.

११ ऑक्टोबर
शाळेचं पत्र. पंचाहत्तर वर्षं पूर्ण, १० डिसेंबरला समारंभ. आठवणी मी लिहायच्या आणि मीच वाचायच्या. अखेर आठवण झाली! वर्गात मी स्वतः कधी वाचलं नाही, मुलींकडून वाचून घेतलं. ती माझी मेथड होती. दुसरं काही कारण नव्हतं.
संकल्प: रोज वीस मिनिटं सराव.

१४ ऑक्टोबर
सराव नाही. चष्म्याची काडी सैल.

१६ ऑक्टोबर
दसरा. सराव नाही.

७ नोव्हेंबर
डॉक्टरने वही पाहिली. महिनाभर शून्य. खूश होऊन रात्रीची गोळी अर्धी केली. म्हणजे पहिला नंबर. समारंभाचं सांगितल्यावर मात्र चेहरा बदलला. म्हणाला, मॅडम, वाचू नका, पाठ करून बोला. नुसतं बोलताना तुम्हाला काही होत नाही, अक्षरांवरून नजर फिरली की होतं. आणि वाचलंच, तर जबडा उडताच थांबा. नाहीतर मोठी फिट.
पाठ करून! घोकंपट्टीसाठी मी मुलींना बाकावर उभं केलंय. कुठल्याशा खेड्यातून आलेल्या या पोराला काय कळणार?

२० नोव्हेंबर
सराव. धुण्याभांड्याची ठमाबाई दारात उभी. म्हणाली, बाई, तुमचं तोंड लय उडतंय. म्हटलं, ते इंग्रजी आहे. ती म्हणाली, मागं पडल्या तवाबी इंग्रजीच व्हतं का? तिला दळण आणायला पाठवलं.

९ डिसेंबर
दोन पानं. झटके एकोणीस. वहीत शून्य. उद्या समोर माणसं असतील, तेव्हा येणार नाहीत. माणसांसमोर वाचताना मला आजवर एकदाही काही झालेलं नाही. तसं माणसांसमोर मी वाचलेलंही नाही.

१३ डिसेंबर
चौथ्या ओळीला जबडा उडाला. थांबले नाही. थांबणं म्हणजे कबूल करणं. आठव्या ओळीनंतरचं आठवत नाही. शुद्धीवर आले तर नाकाशी चप्पल, शाळेच्या माळ्याची. कांदा चालला असता. जीभ चावली गेलीय. साडीचं लिहीत नाही.
माझे कागद उचलून उरलेलं कलाने वाचलं. नववीत दोनदा नापास झालेली कला! एकही चूक नाही म्हणे. टाळ्या पडल्या.

१९ डिसेंबर
ठमाबाई सोबत आली आणि डॉक्टरला सगळं सांगून मोकळी झाली. तो म्हणाला, मॅडम, शून्यं बघूनच मी गोळी कमी केली हो. रागावला असता तर मी उत्तर दिलं असतं. रागावला नाही. गोळी पुन्हा पूर्ण केली आणि माझी केस रिसर्चमधून काढली. वहीवर विश्वास ठेवता येत नाही म्हणे. माझ्या नावावर रेघ मारली, तीही पेन्सिलीने.

२ जानेवारी १९८४
दोन्ही पानं पाठ झाली. ठमाबाई भांडी घासत होती, तिच्यासमोर उभी राहून म्हटली. एक शब्द अडला नाही. जबडा हलला नाही. ती हात थांबवून ऐकत होती. मग म्हणाली, बाई, आसंच म्हणायचं व्हतं ना तिकडं?
शाळेचा पुढचा समारंभ शंभरीचा. पंचवीस वर्षांनी.
डॉक्टरची वही काढली. लिहिलं, वाचन: नाही. झटके: शून्य. हे शून्य खरं आहे. वही आता कुणी तपासणार नाही.