कुंभी नाल्याच्या तोंडावरच्या जमिनीबाबत

मी, प्रभावती उकंडा मुनेश्वर, वय सदुसष्ट, धर्म बौद्ध, राहणार मौजा सावरखेडी, तालुका आर्णी, जिल्हा यवतमाळ, सरकारी वसतिगृहातली निवृत्त स्वयंपाकीण, हा कागद माझ्या घरी, माझ्याच हाताने, दिवसाउजेडी लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघ्यांची अट नसते असे आर्णीच्या वकिलांनी सांगितले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. ज्यांनी मागे आणून पाहिला ते पुढे याच कागदात येतील. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१) माझे पती कालकथित उकंडा सोनाजी मुनेश्वर हे २००३ साली हृदयविकाराने वारले. कारण मुद्दाम लिहीत आहे. त्या वर्षांत कापसाचे हाल सुरू होते आणि बाहेरगावची माणसे गाड्या घेऊन विधवांची घरे शोधत फिरत. एक जण माझ्याकडेही आला, यांचा फोटो मागू लागला. मी म्हटले, ते झोपेत गेले, डॉक्टरांनी हार्ट सांगितले. त्याने वही मिटली आणि मी ठेवलेला चहा न घेता निघून गेला. तेव्हा माझ्या मागे कोणी काही छापलेच, तर आमच्या घरात माणसे आपल्या मरणाने मेली, एवढे खरे छापावे.

मला एकच अपत्य, मुलगा संघदीप. तो लोहारा येथील औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. त्याची पत्नी रुपाली. ती गेली काही वर्षे माझ्याजवळ सावरखेडीला राहते, आणि त्यांच्यात भांडण आहे म्हणून नव्हे. तिला इथे काम आहे. ते काम काय, हे पुढे येईल.

२) राहते घर. निम्मे घर कायद्याने संघदीपचेच आहे. माझा निम्मा हिस्साही मी त्यालाच देते. बँकेत आणि पोस्टात माझ्या नावाने जे असेल ते त्याचे. माझी शिलाई मशीन, टीव्ही आणि यांचे घड्याळही त्याचेच. घड्याळ बंद आहे. ते तसेच राहू दिले तरी चालेल.

३) जमीन. आता मुद्द्याला येते.

कुंभी नाला जिथे अरुणावती नदीला मिळतो तिथल्या कोपऱ्यातली माझी जमीन मी नोकरीत असताना माझ्या पगारातून विकत घेतली. ती वडिलोपार्जित नाही, त्यामुळे कोणाला द्यायची हा अधिकार माझा आहे. दर पावसाळ्यात तिथे पाणी चढे, म्हणून ती मला परवडली. गावात आणि तांड्यात त्या जागेला नुसते ‘तोंड’ म्हणतात. मी घेतली तेव्हा लोक हसले होते, की स्वयंपाकीणबाईनं चिखल घेतला.

माझ्या लगत, नदीच्या वरच्या अंगाला, तांड्यातले डोंगरसिंग आडे यांची पट्टी. मी जमीन मोजली त्याच साली त्यांनी धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, दगड माझ्या बाजूला सरकवला, असे माझे म्हणणे होते. दगड तिथेच होता आणि बाई सरकली, असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही आर्णीच्या कोर्टात गेलो आणि एकमेकांशी बोलणे सोडले. बोलायचेच झाले तर मी त्यांच्या बायकोला, गंगीला सांगे, आणि ते समोर उभे असूनही तिलाच उत्तर देत.

२००६ च्या पुरात नाल्याचे पाणी नदीत गेलेच नाही. तोंड सगळे बेशरमच्या झुडपांनी बुजले होते. जनावर तिला खात नाही आणि कोणी तोडीत नाही, म्हणून ती वाढत गेली होती. पाणी उलटे फिरले आणि आमच्या वस्तीत व तांड्यात शिरले. माझ्या घरात ते चुलीच्या वर आले. गंगीच्या शेळ्या दावणीला बांधलेल्याच बुडाल्या. त्या शेळ्या सोडायला ती कमरेएवढ्या पाण्यात गेली होती आणि रिकाम्या हाताने परत आली, हे मी डोळ्यांनी पाहिले.

पाणी ओसरल्यावर मी विळा घेऊन तोंडावर गेले. सोबत मथुराबाई तायडे होत्या, आमच्याच वस्तीतल्या निवृत्त परिचारिका. दुसऱ्या दिवशी गंगी आली. तिसऱ्या दिवशी डोंगरसिंग कुऱ्हाड घेऊन आले आणि माझ्याकडे न बघता दुसऱ्या टोकाने तोडू लागले. मग वस्तीतल्या आणि तांड्यातल्या आणखी बाया आल्या. कापूस पुरता हाती लागत नव्हता, वेचणीची मजुरी आटली होती, आणि घरी बसून एकमेकींची तोंडे बघण्यापेक्षा हे बरे, असे सगळ्यांचे मत पडले. कोणाला कोणी पैसे दिले नाहीत. मी वसतिगृहाच्या लिलावात घेतलेल्या मोठ्या गंजात भात आणि तुरीचे वरण शिजवी, आणि सगळे तिथेच जेवत.

पहिल्या वर्षी आम्ही बेशरम तोडून काठावरच टाकली. तिच्या प्रत्येक तुकड्याला मूळ फुटले आणि आधी होती त्याच्या दुप्पट झाली. दुसऱ्या वर्षी मुळासकट उपटून तापलेल्या खडकावर वाळवली. मोकळ्या झालेल्या काठाला आम्ही नदीचीच झाडे परत लावली. पाण्याच्या कडेला वाळा आणि लव्हाळा, त्यामागे निर्गुडी, त्यामागे करंज, जांभूळ, उंबर आणि अर्जुन. पूर्वी ही सगळी झाडे इथे होती. गंगीच्या सासूला ती कुठे होती हे आठवत होते, म्हणून आम्ही म्हातारीला बाजेवर बसवून तोंडावर नेले. तिला एवढा मान कधी मिळाला नव्हता. तिने दिवसभर हुकूम सोडले आणि संध्याकाळी घरी जायला तयार होईना.

रुपाली त्याच सुमारास बाळंतपणासाठी आली होती. बाळ राहिले नाही. ती महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडून असे. एक दिवस गंगीने तिला काही न विचारता हाताला धरून तोंडावर नेले आणि वाळ्याची जुडी तिच्या हातात दिली. त्या दिवशी रुपाली जेवली. पुढे रोपे तयार करण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले. संघदीपनेही तिला परत चल म्हणून कधी ओढले नाही. दर सुट्टीला तोच इकडे येत राहिला. त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

४) २००८ साली एका वीटभट्टीवाल्याला नदीकाठची चिकण माती हवी होती. त्याचे नाव या कागदात लिहून मी त्याला मोठा करणार नाही. तो आधी माझ्याकडे आला. मी नाही म्हटले. मग त्याने संघदीपला लोहाऱ्यात गाठले. संघदीपच्या कारखान्यात तेव्हा पाळ्या कमी झाल्या होत्या. तो आला आणि म्हणाला, “आई, झाडं तुले म्हातारपणी पाणी पाजतीन काय?” मी म्हटले, “नाही पाजनार. पण घरातही नाही आननार.” तो रागाने न जेवता गेला. वरण फार चांगले झाले होते, त्याचे नुकसान झाले.

डोंगरसिंगांनी मात्र आपली पट्टी भट्टीला माती उकरायला दिली. त्यांचाही कापूस सलग बुडाला होता. आज मला ते समजते. त्या वेळी मी समजून घेतले नाही. मी गंगीला सांगितले, की आता तू आली नाहीस तरी मी तुला दोष देणार नाही. ती भट्टीने त्यांच्या पट्टीत खणलेल्या खड्ड्याला वळसा घालून आली होती. म्हणाली, “जमीन त्यायनं देल्ली. हात माहे हायेत.” आणि रोपांना पाणी घालू लागली. त्यांच्या घरात तेव्हा काय बोलणे झाले असेल ते मी विचारले नाही. गंगी एकही दिवस चुकली नाही.

२०१० ला पुन्हा पूर आला, मागच्याएवढाच मोठा. आम्ही सगळ्या बुद्धविहाराच्या ओट्यावर चढून बसलो होतो. नाल्याचे पाणी तोंडापर्यंत गेले, थांबल्यासारखे झाले, आणि नदीत उतरले. वस्तीत चिखलसुद्धा आला नाही. माझ्या जमिनीवरून पाणी गेले, करंज आडवे झाले आणि दोन दिवसांनी पुन्हा उभे राहिले. मुळांनी माती धरून ठेवली होती. पण वरच्या अंगाला, जिथली माती भट्टीने उकरून नेली होती, तिथे नदी आत शिरली आणि डोंगरसिंगांची पट्टी घेऊन गेली. धुरा, धुऱ्यावरचा दगड, बोरीचे झाड, सगळे गेले.

चौथ्या दिवशी मी झुडपांत अडकलेल्या चिंध्या काढत होते. डोंगरसिंग येऊन उभे राहिले. गंगी जवळ नव्हती, म्हणून मी इकडेतिकडे पाहिले. ते माझ्याशीच बोलले.

“प्रभाबाई, धुरा नदीनं नेला. आता आपल्याले भांडाले जागाच नाही राह्यली.”

मला आधी हसू आले आणि मग भलतेच झाले. मी चिंध्या काढत राहिले. पाठ फिरवूनच म्हटले, “मंग उद्या टिकास घेऊन या.”

“आजच आनला,” ते म्हणाले. तो टिकाव त्यांनी उंबरामागे टेकवून ठेवला होता.

त्या दिवसापासून त्यांच्या फुटलेल्या काठाला आम्ही वाळा लावत आहोत. कोर्टातली केस काढून घ्यायला आम्ही एकाच ऑटोत गेलो. दोघांचेही वकील नाराज झाले.

५) आता देणे. नाल्याच्या तोंडावरची माझी सगळी जमीन मी माझी सून रुपाली संघदीप मुनेश्वर आणि गंगी डोंगरसिंग आडे या दोघींना समान व अविभक्त हिस्स्याने देते. गंगी माझ्याआधी गेली तर तिचा हिस्सा तिची मुलगी राखी हिला मिळावा. या जमिनीतून माती किंवा वाळू काढू नये. ती विकू नये. तिथे मंदिर, विहार, समाजमंदिर किंवा माझा पुतळा बांधू नये. शेवटचे कोणी करणार नाही, पण लिहिलेले बरे. तांड्यातल्या शेळ्यांनी पाणी प्यायला यावे, मात्र रोपे माणसाच्या डोक्याच्या वर जाईपर्यंत आत सोडू नयेत. बेशरम दरवर्षी उपटावी, कारण ती दरवर्षी येणारच.

हे संघदीपवर रागावून केलेले नाही. मागच्या दिवाळीत मी त्याला समोर बसवून विचारले, की जमीन तुझ्या नावावर करू का. तो मग म्हणाला, “नको करू, आई. कंपनीचं काही खरं नाही. माह्या नावावर राह्यली तं एखांद्या दिवशी मी इकून टाकीन, अन मंग तुह्या फोटोसमोर उभा नाही राहू शकनार.” कोर्टातही मी एवढे खरे कोणाला बोलताना ऐकलेले नाही. त्याच वेळी मी ठरवले की घर त्यालाच द्यायचे, सबंध. पुढे कोणी त्याला आईने डावलले असे म्हटले, तर त्याने हे कलम मोठ्याने वाचून दाखवावे.

६) अवजारे. फावडी, घमेली, विळे आणि पाण्याच्या दोन्ही टाक्या तोंडावरच्या मंडळींच्या सामाईक. घरी नेलेले घमेले परत आणावे. कोणाकडे आहे ते मला माहीत आहे आणि तिलाही. मोठा गंज रुपालीला. त्यात वरण शिजवताना मीठ शेवटी घालावे, ती आधी घालते. माझा लोखंडी तवा गंगीला, कारण तिने तो तीनदा मागितला आणि मी तीनदा विषय बदलला.

७) सरपंचांच्या पत्नी हंसाबाई यांनी पहिल्या वर्षी बाजारात सगळ्यांसमोर म्हटले होते, “बेशरम तोडतेत म्हंते, सोताच बेशरम बाया.” दुसऱ्या पुरात त्यांचेही घर कोरडे राहिले. त्यानंतर त्यांनी काही न बोलता तोंडावर गुळाची भेली पाठवली. गुळाने निम्मी माफी झाली. उरलेल्या निम्म्यासाठी मी त्यांना जांभळाचे एक रोप ठेवते. ते त्यांनी स्वतः येऊन, स्वतः खड्डा खणून लावावे. माणूस पाठवू नये.

८) डोंगरसिंग आडे आणि मथुराबाई तायडे यांना मी काहीही देत नाही. वकील म्हणाले, ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीदार करू नये. गंगीला दिले तरी तिच्या नवऱ्याची सही चालते, हेही त्यांना विचारून घेतले आहे. मला या दोघांची सही हवी आहे. ज्याच्याशी मी सगळ्यात जास्त भांडले आणि जिच्याशी कधीच भांडले नाही, अशी दोन माणसे माझ्या कागदाखाली असावीत.

९) माझे अंत्यविधी बौद्ध पद्धतीने, साधेपणाने करावेत. त्रिशरण-पंचशील म्हणावे, भाषणे करू नयेत. माझी राख तोंडावरच्या झाडांना घालू नये. राखेने काही होत नाही, शेणखत घालावे.

आमच्या कामाचा दिवस रविवार. रविवारी मी गेले, तर काम बंद ठेवू नये. पिशवीतून काढलेले रोप त्याच दिवशी मातीत गेले पाहिजे. आधी सगळी रोपे लावा, पाणी घाला, जेवा, आणि मग मला न्यायला या. मी थांबीन.

स्थळ : सावरखेडी, ता. आर्णी, जि. यवतमाळ
दिनांक : २२ फेब्रुवारी २०१२, बुधवार

मृत्युपत्र करणार :
(सही) प्रभावती उकंडा मुनेश्वर

वरील बाईंनी हा कागद आम्हाला वाचून दाखवला आणि आमच्या डोळ्यांदेखत सही केली. आम्हीही त्यांच्या आणि एकमेकांच्या समोर सही केली.

साक्षीदार :
१. (सही) मथुराबाई तायडे, निवृत्त परिचारिका, सावरखेडी
२. (सही) डोंगरसिंग आडे, शेती, सावरखेडी तांडा. अक्षर वाकडं आलं. सही माहीच हाय.