लेझरचे वार

बुधवार, ८ जानेवारी २०२५

आजही अविराज उशिरा. लासुर्ण्याच्या स्टँडसमोर गाडीत बसून राहिले, मांडीवर दातांच्या दवाखान्यातल्या लेझरची पेटी. आल्यावर म्हणाला, उसाच्या ट्रॉल्यांत अडकलो. मग पेटी उघडून तपासली — फायबरची तार, पेडल, दोन्ही चष्मे. एखादा चष्मा मी ठेवूनच घेणार होते जणू!

घरातल्या सगळ्या वस्तूंची वाटणी एका दुपारी झाली होती. फ्रीज त्याला, कपाट मला. अडलं ते या मशीनवर. दोघांनी मिळून घेतलेलं, दोघांनाही हवं. शेवटी वकीलसाहेबांनी वार वाटून दिले. सोमवार ते बुधवार डॉ. राजनंदिनी, इंदापूर. गुरुवार ते शनिवार डॉ. अविराज, जळोची, बारामती. बुधवारी आणि रविवारी संध्याकाळी अर्ध्या वाटेवर, लासुर्ण्याला, अदलाबदल. लोक मुलांसाठी असं करतात. आम्हाला मूल नाही. लेझर आहे.

कोर्टात घटस्फोटाची शेवटची तारीख १८ फेब्रुवारी. मग कागदोपत्रीसुद्धा सुटलो.

सोमवार, १३ जानेवारी

निमगावचे एक तात्या दाढ काढायला आले. लेझरनंच काढा म्हणून हटून बसले. समजावलं — हे हिरडी, ओठ, जीभ अशा मऊ भागावर चालतं, दाढेला पक्कडच लागते. तोंड पाडून खुर्चीत बसले. निघाली एकदाची.

नंतर बाहेरच्या बाकावर सगळ्यांना सांगत होते, "लेझरनं काढली, कळलंसुदिक न्हाय." दुपारी आणखी तिघं आले!

गुरुवार, १६ जानेवारी

सकाळी तानूबाई आल्या, नातीबरोबर. वय बहात्तर. कवळी सैल झालेली, ती घासून घासून खालच्या ओठाच्या आत मांसाची घडी वाढलीय. आज त्या घडीला जखम होऊन रक्त येत होतं. कापूस दाबला की थांबे, सोडला की पुन्हा सुरू. रक्त पातळ व्हायची गोळी चालू. ती बंद करायची नाही, असं हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलेलं. त्यांना फोन केला, त्यांनी तेच सांगितलं. ब्लेड लावायचा धीर होईना. लेझर कापता कापताच रक्त बंद करतं — अगदी असल्या पेशंटसाठीच घेतलं होतं आम्ही.

आणि आज गुरुवार.

खरं तर त्यांना बारामतीला पाठवायचं. पण माझी पेशंट त्याच्या खुर्चीत? अर्धा तास त्यात घालवला. तानूबाई म्हणाल्या, "बाई, भाकरी सोडून बावीस दिस झालं. आज कायबी करा." मग लाज वाटली. फोन केला, पाच महिन्यांत पहिल्यांदा. एरवी आमचं मेसेजवर चालतं.

मला वाटलं होतं, वाराचा विषय काढेल. त्यानं विचारलं, "गोळी कुठली चालू आहे?" सांगितली. "निघतो," म्हणाला.

तासाभरात पोचला. पेटी देऊन जाईल असं वाटलं, तर हात धुवायला लागला. माझी असिस्टंट सोनम सुट्टीवर, तिच्या जागी उभा राहिला. ओठ धरला, सक्शन धरलं. डोळ्यांवर चष्मे, तोंडाला मास्क; एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते, त्यामुळं काम फार छान झालं. भूल देऊन पंधरा मिनिटांत घडी निघाली. टाका नाही. जळकट वास तेवढा भरून राहिला. तुकडा तपासणीला पाठवला.

तानूबाईंनी आरसा मागून बघितलं. म्हणाल्या, "नवराबायकू दोगं एकाच कामात. लई झ्याक."

मी ग्लोव्हज काढण्यात गुंतले. तो म्हणाला, "हो आजी."

मग पेटी उचलून गेला. वार त्याचा होता.

रविवार, १९ जानेवारी

पेटी घेतली. फायबरचं टोक वाकडं कापलंय, हे मी त्याला दाखवलं. तो म्हणे, तुझ्याकडून आलं तेव्हाच तसं होतं. त्यावरून रस्त्यात उभं राहून वीस मिनिटं! चहावाला आमच्याकडेच बघत होता.

पुरे झालं. परत येऊन लेझरच्या कंपनीतल्या सूरजला फोन केला. माझं स्वतःचं मशीन मागवलं. लासुर्णं बंद.

शनिवार, २५ जानेवारी

तानूबाईंचा रिपोर्ट आला. साधी वाढ, काळजीचं काही नाही. जखम भरत आलीय, नवी कवळी पुढच्या महिन्यात करू. काल दुधात कुस्करून भाकरी खाल्ली म्हणाल्या. वाल घेवड्याच्या शेंगा आणल्या होत्या, पिशव्या दोन. दुसरी कोणाची, विचारलं. "मालकास्नी."

रविवार, २६ जानेवारी

मालकांना शेंगा दिल्या. मालक बराच वेळ हसत होते. मग मीपण. मशीन मागवल्याचं सांगायचं राहून गेलं.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सूरज डिलिव्हरीची तारीख ठरवायला आला. सहज म्हणाला, "मॅडम, अविराज सरांनी दिवाळीत घेतलं तेच मॉडेल देतोय."

दिवाळीत! आणि तरी दर बुधवारी, रविवारी लासुर्ण्याला येतो.

ऑर्डर रद्द करायला सांगितली. त्यानं कारण विचारलं. म्हटलं, आमचं एकात भागतंय.