टँकरच्या अ‍ॅपमधली सूचना

वैशाख, गुरुवार सायंकाळ

नळ कोरडे, टँकर मागवणे आले. सुमती गेली, पण अ‍ॅपमध्ये अजून तिचाच नंबर. कन्या फोनवर म्हणाली, "बाबा, सेटिंग्जमध्ये जाऊन आईचा नंबर काढा अन् तुमचा टाका. नायतर ड्रायव्हर तिलाच फोन लावत बसंल."

सेटिंग्ज उघडल्या. चालकासाठी तिने जतन केलेली सूचना दिसली: 'दुपारी बेल वाजवू नका, साहेब झोपतात. मी गेटवर उभी असते.'

या उन्हात? बेल वाजत नाही याचे श्रेय मी चालकाच्या सौजन्याला देत आलो. अनुमान सदोष होते. प्रमाण गेटवर उभे होते.

नंबर बदलला. सूचना पुसवेना. परंतु आता गेटवर उभे कोण राहणार? अखेर तीही बदलली: 'बेल वाजवा. घरात मी एकटाच असतो.'